निकालाच्या दिवशी सर्व्हर टिकेल का? कंपोनंट जोडण्याआधी परफॉर्मन्सचा अंदाज कसा बांधायचा

दहावीचा निकाल दुपारी १ वाजता लागणार असेल, तर १ वाजून १० सेकंदांनी कोणत्या सर्व्हरवर किती लोड असेल हे आधी कागदावर काढता येते. त्यासाठी पूर्ण प्रणाली बांधून, भाड्याने मशीन घेऊन लोड टेस्ट (मुद्दाम गर्दी सोडून घेतलेली चाचणी) करावीच लागते असे नाही. प्रत्येक कंपोनंट (प्रणालीचा स्वतंत्र भाग) किती काम करतो, कुणाला बोलावतो आणि कोणत्या मशीनवर बसणार आहे हे वेगवेगळे मांडले की बाकीचे गणित होते.

इथे वापरलेली पद्धत पॅलाडिओ कंपोनंट मॉडेलची आहे. हे मॉडेल जर्मनीत ओल्डनबुर्ग आणि नंतर कार्ल्सरुहे इथल्या विद्यापीठांत घडले. स्टेफन बेकर, हायको कोझिओलेक आणि राल्फ रॉयस्नर यांनी २००९ मध्ये त्याची सविस्तर मांडणी प्रसिद्ध केली. सोबतचे टूल एक्लिप्स या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरवर चालते आणि मोफत आहे. टूल न वापरताही यातला निम्म्याहून जास्त फायदा पदरात पडतो, म्हणून आधी हाताने गणित करू आणि टूलकडे नंतर वळू.

मुळात एक गोष्ट पक्की धरायची: "ही सर्व्हिस ३० मिलिसेकंदांत उत्तर देते" हे वाक्य अपुरे आहे. ते ३० मिलिसेकंद चार गोष्टींवर ठरतात: कंपोनंटचा स्वतःचा कोड, तो ज्यांना बोलावतो ते कंपोनंट, त्याला मिळणारा इनपुट आणि तो ज्या मशीनवर चालतो ते मशीन. या चौघांचा एकच आकडा करून टाकला, की त्यातली एक गोष्ट बदलताच आकडा निकामी होतो. हे चार वेगळे ठेवणे हीच सगळ्या पद्धतीची किल्ली आहे.

उदाहरणाची प्रणाली

बैठक क्रमांक आणि आईचे नाव दिले की गुण दिसतात, हवी तर गुणपत्रिकेची पीडीएफ मिळते. कंपोनंट पाच: गेटवे (रिक्वेस्ट आधी जिथे येते ते दार), निकाल-सेवा, कॅश (नुकतीच दिलेली उत्तरे हाताशी ठेवणारी जागा), डेटाबेस आणि पीडीएफ-सेवा. पुढचे आकडे गणित दाखवण्यासाठी घेतले आहेत. तुमचे आकडे तुम्हालाच मोजावे लागतील.

गेटवे एका रिक्वेस्टला १.५ मिलिसेकंद सीपीयू घेतो, निकाल-सेवा ४. निकाल-सेवा आधी कॅशला विचारते. १०० पैकी ६० वेळा उत्तर तिथेच मिळते, उरलेल्या ४० वेळा डेटाबेसकडे जावे लागते. डेटाबेसच्या एका क्वेरीला ३ मिलिसेकंद सीपीयू आणि ५ मिलिसेकंद डिस्क लागते. १०० पैकी २५ जण पीडीएफ मागतात आणि एका पीडीएफला ४० मिलिसेकंद सीपीयू लागतो. गेटवे, निकाल-सेवा आणि पीडीएफ-सेवा ४ कोअरच्या एका ॲप सर्व्हरवर आहेत. डेटाबेस ४ कोअर आणि एक डिस्क असलेल्या वेगळ्या सर्व्हरवर आहे. कॅशपर्यंत जाऊन यायला नेटवर्कचे अर्धा मिलिसेकंद.

मागणी मोजा, रिस्पॉन्स टाइम नव्हे

सर्वाधिक चुका इथे होतात. मॉडेलमध्ये घालायचा आकडा म्हणजे मागणी: त्या कामाने सीपीयू किंवा डिस्क प्रत्यक्ष किती वेळ वापरली तो. मॉनिटरिंगच्या डॅशबोर्डवर दिसणारा रिस्पॉन्स टाइम (रिक्वेस्ट आल्यापासून उत्तर जाईपर्यंतचा वेळ) इथे चालत नाही, कारण त्यात रांगेत थांबण्याचा वेळ आधीच मिसळलेला असतो. तोच आकडा मॉडेलला दिला की मॉडेल त्यावर पुन्हा रांग लावते आणि थांबण्याचा वेळ दोनदा मोजला जातो.

मोजण्याची साधी रीत अशी. प्रणालीवर सेकंदाला ५० रिक्वेस्टचा स्थिर लोड सोडा. पहिली ५ मिनिटे टाकून द्या. जावा असेल तर जेआयटी कंपायलरला (चालता चालता कोड वेगवान करणाऱ्या भागाला) तेवढा वेळ द्यावाच लागतो, नाहीतर मागणी फुगून दिसते. पुढची १० मिनिटे मोजा. पूर्ण झालेल्या रिक्वेस्ट ३०,००० आणि त्या काळात त्या प्रोसेसेसनी खाल्लेला सीपीयू वेळ, युझर अधिक सिस्टिम, समजा ४६५ सेकंद. भागाकार १५.५ मिलिसेकंद. लिनक्सवर हा सीपीयू वेळ पिडस्टॅट ही कमांड देते.

पण हा १५.५ तीन कंपोनंटचा मिळून आहे. तो फोडायला पीडीएफचे प्रमाण बदलून तीन फेऱ्या घ्या: ०, २५ आणि ५० टक्के. ० टक्क्याला ५.५ मिलिसेकंद येतात, ५० टक्क्यांना २५.५. आलेख सरळ रेषेत आला तर तिचा चढ म्हणजे एका पीडीएफची मागणी, ४० मिलिसेकंद. रेषा वाकली तर समजा की लोडबरोबर मागणीच वाढते आहे. बहुतेक वेळा त्यामागे एखादे लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) किंवा गार्बेज कलेक्शन (वापरून झालेली मेमरी मोकळी करण्याचे काम) असते. ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढचे सगळे गणित मागणी स्थिर आहे असे धरून चालते.

मोजताना आणखी तीन गोष्टी तपासा. क्लाउडवरचे ४ व्हीसीपीयू (आभासी सीपीयू) म्हणजे इंटेलच्या मशीनवर बहुधा २ खरे कोअर आणि त्यांचे हायपरथ्रेड, म्हणजे एकाच कोअरचे दोन भासणारे भाग. ५० टक्क्यांच्या पुढे त्यांची ताकद दुप्पट होत नाही. दुसरे, कमी लोडवर प्रोसेसर टर्बोने धावतो आणि भरल्यावर मंदावतो, म्हणून मागणी कमी, मध्यम आणि जास्त अशा तीनही लोडवर मोजा. तिसरे, कंटेनरला (ॲप चालवण्याच्या वेगळ्या कप्प्याला) सीपीयूची मर्यादा घातली असेल तर कर्नल ती साधारणपणे १०० मिलिसेकंदांच्या तुकड्यात लावतो. २ सीपीयूची मर्यादा असलेल्या कंटेनरने पहिल्या ५० मिलिसेकंदांत ४ कोअर वापरून वाटा संपवला, तर उरलेले ५० तो नुसता थांबून राहतो. सरासरी वापर कमी दिसतो आणि रिस्पॉन्स टाइमची शेपटी (सर्वांत सावकाश उत्तरांचा वेळ) मात्र लांबते. सीग्रुपच्या (लिनक्सच्या मर्यादा घालण्याच्या सोयीच्या) सीपीयू-स्टॅट फाइलमध्ये किती वेळा थ्रॉटल झाले, म्हणजे असे थांबवले गेले, त्याचा आकडा असतो, तो बघा.

पहिला अंदाज: छत कुठे आहे

आता प्रत्येक साधनावर (सीपीयू, डिस्क) एका रिक्वेस्टमागे किती मागणी पडते ते काढा.

ॲप सर्व्हरचा सीपीयू: १.५ + ४ + ०.२५ × ४० = १५.५ मिलिसेकंद
डेटाबेसचा सीपीयू: ०.४ × ३ = १.२ मिलिसेकंद
डिस्क: ०.४ × ५ = २ मिलिसेकंद

ॲप सर्व्हरला ४ कोअर आहेत, म्हणून त्याचे छत, म्हणजे जास्तीत जास्त पेलता येणारा वेग, ४ ÷ ०.०१५५, म्हणजे सेकंदाला २५८ रिक्वेस्ट. डिस्कचे छत १ ÷ ०.००२ = ५००. डेटाबेसचा सीपीयू ३,३०० च्या पुढे, तो सोडून द्या. बॉटलनेक, म्हणजे सर्वांत आधी भरणारे साधन, ॲप सर्व्हर आहे आणि त्याच्या १५.५ पैकी १० मिलिसेकंद एकट्या पीडीएफचे आहेत.

आता गरज किती? दहावीला साधारण १५ लाख विद्यार्थी बसतात असे धरा. त्यातल्या एक तृतीयांशांनी पहिल्या १० मिनिटांत निकाल पाहिला तर ५ लाख ÷ ६००, म्हणजे सेकंदाला ८३३. ॲप सर्व्हरला ८३३ × ०.०१५५ = १२.९ कोअर लागतील. सहज सुचणारा उपाय म्हणजे असे चार सर्व्हर लावा, १६ कोअर, वापर ८१ टक्के. पण डिस्कचे काय? ८३३ × ०.००२ = १.६७. एका डिस्ककडे १६७ टक्के काम मागितले जाते आहे. चार सर्व्हरचे पैसे मोजूनही प्रणाली ५०० वरच अडकणार. एका साधनाचे छत वाढवले की बॉटलनेक पुढच्या साधनावर सरकतो. लोड टेस्टमध्ये हे आधी दिसत नाही, कारण पहिला बॉटलनेक दुसऱ्याला झाकून ठेवतो.

६० टक्के हा आकडा कुठून आला?

कॅशचा ०.६ हा कॅशचा गुण नाही. तो वापरावर ठरतो. निकालाच्या पहिल्या मिनिटात प्रत्येक जण आपला स्वतःचा क्रमांक टाकतो आणि तो कॅशमध्ये अजून आलेलाच नसतो. पुन्हा बघणारे, मामा-मावशीला दाखवणारे नंतर येतात, तेव्हा ०.६ होतो. पहिल्या मिनिटासाठी हा आकडा शून्याजवळ धरायला हवा. मग डिस्कची मागणी ५ मिलिसेकंद आणि छत फक्त २००. म्हणजे सगळ्यात जास्त गर्दीच्या क्षणी बॉटलनेक ॲप सर्व्हर नसून डिस्क आहे.

म्हणूनच एका सरासरीवर अंदाज बांधू नका. निकालाचा क्षण, पहिला तास आणि संध्याकाळ असे वापराचे तीन वेगळे प्रसंग करा आणि प्रत्येकाला स्वतःची शक्यता, स्वतःचा वेग द्या. कंपोनंटचे मॉडेल तिन्हींत तेच राहते.

रिस्पॉन्स टाइमचा अंदाज

छताखाली असलो तरी रांग असतेच. अनेक कोअरच्या साधनासाठी हाताने करायला चांगले सूत्र म्हणजे: राहण्याचा वेळ = मागणी ÷ (१ − वापराचा कोअरइतका घात). एका ॲप सर्व्हरवर सेकंदाला २०० रिक्वेस्ट येत असतील तर वापर ३.१ ÷ ४ = ०.७७५, त्याचा चौथा घात ०.३६, म्हणून १५.५ ÷ ०.६४ = सुमारे २४ मिलिसेकंद. हाच वेग २५० केला तर वापर ०.९६९, चौथा घात ०.८८, उत्तर १३० मिलिसेकंद. लोड २५ टक्क्यांनी वाढला आणि वेळ पाचपट. अर्लांग-सी या रांगेच्या सूत्राने नेमके काढले तर २५ आणि १३१ येतात, म्हणजे हाताचे सूत्र पुरेसे जवळ आहे.

डिस्क एकच असल्याने तिथे घात १: २०० वर २ ÷ ०.६ = ३.३ मिलिसेकंद. त्यात डेटाबेसचा सीपीयू १.२ आणि कॅशच्या वाटेचा ०.५ धरून एकूण सरासरी सुमारे २९ मिलिसेकंद.

ही सरासरी मात्र कुणाच्याच वाट्याला येत नाही. ॲप सर्व्हरवर नुसते गुण पाहणाऱ्याची मागणी ५.५ मिलिसेकंद, पीडीएफ घेणाऱ्याची ४५.५. सीपीयू सर्वांत समान वाटला जातो, म्हणून दोघांचाही वेळ त्याच प्रमाणात ताणला जातो: पहिल्याला साडेआठ, दुसऱ्याला ७१ मिलिसेकंद. "९५ टक्के रिक्वेस्ट ५० मिलिसेकंदांत" अशी अट असेल तर २४ ची सरासरी पाहून निर्धास्त राहणारा फसतो, कारण २५ टक्के लोक सरासरीने ७१ वर आहेत. प्रत्येक प्रकारच्या रिक्वेस्टचा अंदाज वेगळा लिहा.

कनेक्शन पूल: न दिसणारी रांग

सीपीयू रिकामा, डिस्क रिकामी आणि तरीही रिक्वेस्ट अडकलेल्या, असे झाले की पूल (डेटाबेसशी बोलायला तयार ठेवलेली ठरावीक कनेक्शन) बघा. लिटलचा नियम इथे कामाला येतो. जॉन लिटल यांनी त्याची सिद्धता १९६१ मध्ये दिली: एका वेळी आत असलेल्यांची संख्या = येण्याचा वेग × आत राहण्याचा वेळ.

सेकंदाला २०० पैकी ८० रिक्वेस्ट डेटाबेसकडे जातात. कनेक्शन फक्त क्वेरीपुरते धरले तर ३ + ८.३ = ११.३ मिलिसेकंद, म्हणजे एका वेळी सरासरी ०.९ कनेक्शन. हिकारीसीपी या जावाच्या पूल लायब्ररीचा मूळ पूल १० चा असतो, तो भरपूर झाला.

पण ट्रान्झॅक्शन (डेटाबेसचे एकसंध काम) सर्वांत बाहेरच्या मेथडवर उघडली असेल, तर कनेक्शन रिक्वेस्ट सुरू होतानाच घेतले जाते आणि पीडीएफ बनून होईपर्यंत सुटत नाही. कॅशमध्ये उत्तर मिळणारेही ते अडवून बसतात. तेव्हा २०० × ०.०२९ = ५.८ कनेक्शन. २५० वर पूर्ण वेळ १३६ मिलिसेकंद होतो आणि ३४ कनेक्शन हवी असतात. १० चा पूल त्याच्या खूप आधी दारात रांग लावतो. हिकारीसीपी कनेक्शनसाठी मुळात ३० सेकंद थांबू देते, म्हणजे लोकांना एरर दिसण्याआधी अर्धा मिनिट पांढरा पडदा दिसतो, ते रिफ्रेश दाबतात आणि लोड आणखी चढतो.

यावर पूल १०० करणे हा उपाय नव्हे. तसे केले की रांग डेटाबेसच्या आत जाऊन बसते. कनेक्शन घेणे आणि सोडणे क्वेरीच्या लगत आणा. मॉडेलमध्ये हे "घ्या" आणि "सोडा" नेमक्या जागी लिहिणे म्हणूनच महत्त्वाचे. पॅलाडिओत पूल हे निष्क्रिय साधन म्हणून मांडतात आणि कंपोनंटच्या वर्तनात दोन्ही क्रिया स्वतंत्रपणे टाकतात.

टूलमध्ये मांडणी

हाताचे गणित बॉटलनेक सांगते. पूल, शाखा आणि शेपटीचा रिस्पॉन्स टाइम एकत्र हवा असेल तर सिम्युलेशन करा. पॅलाडिओत पाच मॉडेल असतात आणि ती चार वेगळ्या भूमिकांची कामे आहेत. रिपॉझिटरी (कंपोनंट आणि त्यांच्या वर्तनाचे मॉडेल) कंपोनंट लिहिणाऱ्याची, सिस्टिमची जोडणी आर्किटेक्टची, मशीन आणि त्यांवरचे वाटप डिप्लॉय करणाऱ्याची, वापराचे मॉडेल त्या क्षेत्राच्या जाणकाराचे. छोट्या टीममध्ये एकच माणूस सगळे करतो, तरी फाइल वेगळ्या ठेवा. मशीन बदलले तर फक्त मशीनची फाइल बदलली पाहिजे.

रिपॉझिटरीत प्रत्येक सेवेचे वर्तन काढताना कोडची ओळन्‌ओळ उतरवू नका. आतले काम, बाहेरचे बोलावणे, शाखा आणि लूप एवढेच. दोन बाहेरच्या बोलावण्यांमधले सगळे काम एका क्रियेत गुंडाळा.

पीडीएफची शाखा शक्यतेवर ठेवू नका, इनपुटवर ठेवा: "पीडीएफ हवी" हा पॅरामीटर खरा असेल तर. २५ टक्के हा आकडा वापराच्या मॉडेलमध्ये जातो. कॅश सापडणे-न सापडणे मात्र शक्यतेची शाखा, कारण बोलावणाऱ्याला ते माहीत नसते. पीडीएफची मागणीही स्थिर न लिहिता १० + ५ × विषयांची संख्या अशी लिहिली तर ६ विषयांना ४० येते आणि उद्या ७ विषयांचा अभ्यासक्रम आला तरी मॉडेल तसेच चालते.

एककांनी अनेकांचे दिवस खाल्ले आहेत. मागणी आणि साधनाचा प्रोसेसिंग रेट यांचा भागाकार म्हणजे वेळ. मागणी मिलिसेकंदांत लिहिली आणि रेट १००० ठेवला तर वेळ सेकंदांत येतो. मग रिक्वेस्टमधले अंतरही सेकंदांतच हवे, म्हणजे २०० च्या वेगाला सरासरी ०.००५. सीपीयूला समान वाटपाचे शेड्युलिंग द्या, डिस्कला आधी येईल त्याला आधी. चार कोअर म्हणजे चार प्रती, रेट चौपट नव्हे. रेट चौपट केला तर एकटी रिक्वेस्टही चौपट वेगाने धावेल आणि तसे प्रत्यक्षात होत नाही.

वापर ओपन (रिक्वेस्ट आपल्या वेगाने येतच राहतात) ठेवायचा की क्लोज्ड (ठरावीक जण, आधीचे उत्तर आले की पुढची रिक्वेस्ट), हा निर्णय नीट घ्या. निकालाच्या दिवशी लोक आधीचा बाहेर पडण्याची वाट बघत नाहीत, म्हणून ओपन. लोड टेस्टच्या जेमीटर या टूलचा साधा थ्रेड ग्रुप क्लोज्ड असतो: १०० थ्रेड असतील तर सर्व्हर मंदावताच रिक्वेस्टही आपोआप कमी होतात आणि टेस्ट खोटा दिलासा देते. मॉडेल ओपन आणि टेस्ट क्लोज्ड असेल तर दोन्हींचे आकडे कधीच जुळणार नाहीत.

सुरुवातीची मोजमापे टाकून किमान १ लाख मोजमापे होईपर्यंत चालवा. वापर ९५ टक्क्यांच्या पुढे असेल तर त्याहून बरीच जास्त, कारण तिथे रांग अतिशय सावकाश स्थिरावते. सिम्युलेशनची सरासरी हाताच्या २९ मिलिसेकंदांच्या आसपास आली नाही तर बहुधा एकक किंवा प्रतींची संख्या चुकली आहे. सरावाला स्वतःची प्रणाली घेण्याआधी पॅलाडिओसोबतचे मीडिया स्टोअरचे उदाहरण चालवून बघा.

पर्याय तोलणे

मॉडेलचा खरा उपयोग इथे आहे. पीडीएफ आदल्या रात्रीच बनवून ठेवल्या तर? १५ लाख × ४० मिलिसेकंद = ६०,००० सेकंद, ४ कोअरवर सुमारे ४ तास १० मिनिटे. एक पीडीएफ १०० केबीची धरली तर १५० जीबी जागा. तयार फाइल पाठवायला १ मिलिसेकंद सीपीयू धरा. ॲप सर्व्हरची मागणी ५.५ + ०.२५ = ५.७५ होते, एका सर्व्हरचे छत २५८ वरून ६९५ वर जाते.

कॅश आधीच भरून ठेवली तर? एका निकालाचे २ केबी, १५ लाखांचे ३ जीबी, एका मशीनच्या मेमरीत सहज मावतात. डिस्कची मागणी जवळजवळ नाहीशी होते आणि पहिल्या मिनिटाचा धोकाही.

दोन्ही केले की ८३३ साठी २ सर्व्हर पुरतात, वापर ६० टक्के. एक बंद पडला तर दुसऱ्याला ८३३ पेलत नाही, म्हणून तिसरा लावा. आता बॉटलनेक कुठे सरकला ते बघा: सेकंदाला २०८ पीडीएफ × १०० केबी, म्हणजे जवळपास १६७ मेगाबिट. १०० मेगाबिटची लाइन असेल तर सगळी मेहनत तिथे अडेल.

अंदाज पडताळणे

पहिला चालणारा बिल्ड हाती आला की एकाच लोडवर, समजा २०० वर, टेस्ट घ्या आणि अंदाजाशेजारी ठेवा. साधनांच्या वापरात १० टक्क्यांपर्यंत आणि रिस्पॉन्स टाइममध्ये ३० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. वापर जुळतो पण वेळ जुळत नाही, तर मॉडेलमध्ये एखादी रांग राहून गेली आहे: लॉक, पूल, थ्रेडची मर्यादा किंवा थ्रॉटलिंग. वापरच जुळत नाही, तर मागणी चुकली किंवा वापराची शक्यता चुकली. आधी वापर जुळवा, मग वेळेला हात घाला. उलट क्रमाने गेलात तर चुकीची मागणी आणि चुकीची रांग एकमेकांना झाकतात, २०० वर आकडे जुळलेले दिसतात आणि ८३३ वर फसतात.

जुळल्यावर दुसऱ्या एका लोडवर मॉडेलला हात न लावता पुन्हा ताडून बघा. त्यानंतर पीडीएफची लायब्ररी, कॅशचे धोरण किंवा मशीनचा प्रकार बदलला तर फक्त त्या भागाची मागणी नव्याने मोजा आणि मॉडेल परत चालवा.